गाडीची पायरी

गेल्या श्रावणांत आम्ही सेनगावास एका स्नेह्यांकडे गेलों होतों. एऱ्हवीं हळद-सोयाबीन हिंगोलीच्या बाजारांत नेणाऱ्या त्यांच्या पिकअप गाडींतून त्यांच्या मातोश्रींस नरसीस दर्शनास न्यावें, असें ठरलें. इ. स. १२७० मध्यें संत नामदेव जेथें जन्मले असें मानतात, तेंच हें नरसी. गाडीस लखलखीत गोल नळ्यांच्या पायऱ्या नुकत्याच बसविल्या होत्या. भुरभुर चालू होती. मातोश्रींनीं पाऊल ठेवलें आणि तें सटकलें. मुलानें हात धरला होता, म्हणून निभावलें. "तुम्हीच जाऊन या," एवढेंच बोलून त्या माघारीं वळल्या.

दोष पावसाचा नव्हे, निवडीचा. पायरी शोभेसाठीं नसून घरांतील सर्वांत थकलेल्या पावलासाठीं असते. ती सपाट, खरबरीत व निदान ५-६ इंच रुंद असावी. जमीन व गाडीचा तळ यांच्या साधारण मधोमध ती यावी. फार खालीं आल्यास शेतवाटेच्या चाकोरींत आपटते. ती पत्र्यास न जोडतां खालच्या सांगाड्यास मुळांत असलेल्या भोंकांतून बोल्टांनीं जखडावी. तेथें वेल्डिंग करूं नये. त्या तापानें पोलाद अशक्त होतें. महिन्याभरानें बोल्ट पुन्हां आवळावे, आणि चिखल सांचूं देऊं नये. गंज तेथूनच धरतो.

स्नेह्यांनीं पायऱ्या बदलल्या. कार्तिकांत मातोश्री कोणाचाही हात न धरतां गाडींत चढल्या आणि नरसीस जाऊन आल्या.