पाटी एकाची, दुकान दुसऱ्याचे
लेखाच्या तळाशी एक साधासुधा पत्ता असतो. त्यावर टिचकी मारावी तर वाचक पोहोचतो भलत्याच दुकानात. मधल्या वळणावर लेखकाचा दलाली-क्रमांक गुपचूप जोडला गेलेला असतो. ॲमेझॉनने १९९६ मध्ये अशी दलालीची योजना आणली, तीत गैर काही नव्हते. गैर आहे ते वेगळे डोमेन विकत घेऊन हा व्यवहार झाकणे. ‘लांबलचक दुवा कुरूप दिसतो’ हा बचाव तर हास्यास्पदच! असे हितसंबंध उघड करा, हे अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००९ मध्येच बजावले होते. (आपल्यापैकी कुणी याला ‘अविश्वसनीय निवेदक’ म्हणेल; पण कादंबरीकार निदान वाचकाला त्या निवेदकाचा सुगावा लागू देतो.) पैसे घेऊन शिफारस केली असेल, तर तसे दुव्याशेजारीच लिहायला किती शब्द लागतात?