दोन टक्के नको, अठ्ठ्याण्णवचा हिशोब द्या!



मागल्या महिन्यात नवी मुंबईकडून एका कंपनीची गाडी आमच्या वाडीवर आली. पोरांना दप्तरं वाटली, बॅनर धरून फोटो काढले, निघाली. आमची एक आजी गाडीच्या दाराशी जाऊन म्हणाली, "दप्तर घेतलं बाबा, पण ओढ्याला फेस येतो त्याचं काय?" साहेब हसले. काच वर केली.

आजीचा प्रश्न आम्ही सोडणार नाही.

2013 च्या कंपनी कायद्याचं कलम 135 सांगतं, मोठ्या कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले निदान दोन टक्के समाजकामावर खर्च करावेत, आणि आपल्या आसपासच्या भागाला आधी धरावं. म्हणजे दप्तर ही मेहेरबानी नाही. आणि दप्तर वाटलं म्हणून ओढा नासवायची परवानगीही मिळत नाही. पाणी नासवायला 1974 च्या कायद्याने बंदीच आहे.

पण खरी गोम नफ्यातच आहे. सांडपाणी साफ करायला पैसा लागतो. तसंच नदीत सोडलं की तो पैसा वाचतो, आणि कंपनीच्या वहीत नफा म्हणून चढतो. मासा मेला तर तोटा कोळ्याच्या वहीत. पोराच्या अंगाला खाज सुटली तर खर्च आईच्या वहीत. मग त्याच नफ्यातले दोन टक्के आपल्याला 'मदत' म्हणून!

तळोज्याचं बघा. ऑगस्ट 2017 मध्ये तिथली कुत्री निळी झाली, रंगाच्या कारखान्यापायी. फोटो जगभर गेले, मग प्रदूषण मंडळाने कारखाना बंद केला. कासाडी नदीतले मासे गेले म्हणून मच्छीमार त्याच्या आधीपासून ओरडत होते. माणसाचं ऐकायला माणसानेही आधी निळं व्हायचं का?

नफ्याशी आमचं वैर नाही. आपणही रानभाजी, करवंदं बाजारात विकतो. पण कंद खणला की त्याचं डोकं परत मातीत पुरतो, पुढल्या साली वेल यावा म्हणून. एवढंच कंपनीनेही करावं.

ओडिशात नियमगिरीच्या डोंगरिया कोंधांनी 2013 साली बारा ग्रामसभांमध्ये बॉक्साइटच्या खाणीला नाही म्हटलं. सुप्रीम कोर्टानेच वनहक्क कायदा धरून निर्णय ग्रामसभेवर सोपवला होता. डोंगर वाचला. तोच 2006 चा कायदा आपलाही आहे. पाण्याचे उगम राखायचा अधिकार कलम 5 ग्रामसभेला देतं.

म्हणून पुढची गाडी आली की आधी सभेत बसवा. विचारा: सांडपाणी कुठं सोडता? परवानगीचा कागद कुठंय? ओढा कधी साफ करणार? उत्तर ठरावाच्या वहीत लिहा, खाली सही घ्या. दप्तर खुशाल घ्या, ते पोरांच्या हक्काचं आहे. फोटो मात्र ओढ्याकाठी, फेसाशेजारी उभं राहून काढू.

जल, जंगल, जमीन आमची! जिंदाबाद!