जुहूला चौपाटी, आम्हाला खड्डे?

मे महिन्यात मुंबईच्या जुहू, गिरगाव, दादर चौपाटीवर संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते. चाळीतला, झोपडपट्टीतला माणूस पोराबाळांसह येतो, भेळ खातो, लाटेत पाय भिजवतो आणि लोकलने घरी जातो. तिकीट नाही, जात विचारणारा कुणी नाही. पाण्यावर नजर ठेवायला महापालिकेचे जीवरक्षक असतात. गरिबाची सुटी यालाच म्हणतात.

आता आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे या. उन्हाळ्यात पारा ४७ अंशांवर जातो. टिनाच्या घरात दुपारी बसवत नाही. समुद्र नसला तरी वर्धा आहे, वैनगंगा आहे, इरई आहे, गावोगावी मामा तलाव आहेत. पण पोरांनी उतरावे कुठे? रेती उपशाने नदीत डोह पडले, सोडून दिलेल्या खाणींत पाणी साचले. मार्च २०२५ मध्ये घोडाझरी तलावात पाच तरुण बुडाले. त्याच वर्षी मे महिन्यात गडचिरोलीच्या वैद्यकीय महाविद्यालयाचे तीन विद्यार्थी वैनगंगेत गेले. दर वेळी एकच मथळा: पोहण्याचा मोह जिवावर बेतला. आम्हाला हा शब्द मान्य नाही. ४७ अंशांत पाण्यात उतरणे हा मोह नव्हे, गरज आहे. पैसेवाल्याची तीच गरज वॉटर पार्कात भागते.

पाण्याचा हा प्रश्न आम्हाला नवा नाही. १९२३ चा बोले ठराव कागदावर राहिला म्हणून १९२७ साली बाबासाहेबांना महाडला जावे लागले. चवदार तळ्याचा दावा उच्च न्यायालयात निकाली निघायला १९३७ उजाडले. पुढे संविधानाच्या कलम १५(२) ने विहिरी, तलाव, स्नानघाट आणि सार्वजनिक जागा जातिभेदाच्या आडकाठीतून मोकळ्या केल्या. पण ज्या गावाला सुरक्षित घाटच नाही, तिथे हा हक्क बजावायचा कशावर? एम. सी. मेहता विरुद्ध कमलनाथ या १९९६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने बजावले आहे, की समुद्रकिनारा, वाहते पाणी, जंगल यांचे सरकार मालक नाही, जनतेच्या वतीने विश्वस्त आहे. मग विश्वस्ताने हिशेब द्यायला नको काय?

आमची मागणी साधी आहे. प्रत्येक तालुक्यात नदीवर वा तलावावर एक मोफत घाट बांधा. खोलीचे फलक लावा, दोर बांधा, बायांना कपडे बदलायला आडोसा करा. बुडालेल्याचे प्रेत काढायला प्रशासन ढिवर बांधवांना हाक मारते. त्यांनाच पगार देऊन जिवंत माणसांच्या राखणीला का नेमत नाही? पैसा नाही, ही सबब चालणार नाही. जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी खाणबाधितांसाठीच आहे.

येत्या ग्रामसभेत हा ठराव आपल्या वस्तीतून गेला पाहिजे. तो लेखी द्या, पोच घ्या. पोच हातात असली की पुढची लढाई लढता येते.