आकडा कुणाचा, ते आधी पाहा



'स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला की केमोत पैसा घालू नये. स्टीव्ह जॉब्ज आठ वर्षे जगले ते नशीब' असे गेल्या अंकातील पत्रात म्हटले आहे. ते निव्वळ नशीब नव्हते. जॉब्ज यांची गाठ न्यूरोएंडोक्राइन जातीची होती. ती बहुधा संथ वाढते. एरवी आढळतो तो अ‍ॅडिनोकार्सिनोमा, फार आक्रमक. बायॉप्सीच्या रिपोर्टमधली गाठीची जात सांगणारी ती एक ओळ वाचल्याशिवाय कुणाच्या आयुष्याचा हिशेब मांडू नये.

रुग्ण किती जगतो याचा त्या पत्रातला 'अकरा महिने' हा आकडाही अर्धवट आहे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या फ्रेंच चाचणीत, आजार पसरलेल्या रुग्णांचे मध्यक आयुर्मान जुन्या औषधावर ६.८ महिने होते, फोल्फिरिनॉक्स या केमोवर ११.१. म्हणजे निम्मे त्याहून जास्त जगले. पण ते रुग्ण हिंडतेफिरते, ७५ वर्षांपर्यंतचे होते. अंथरुणाला खिळलेल्या आजोबांना तो आकडा लावता येत नाही, आणि गाठ काढता येण्याजोगी असलेल्या पन्नाशीच्या बाईंनाही नाही.

याच आजारात माझ्या वडिलांनी केमो थांबवली ती स्वतःच्या इच्छेने. 'नातवाबरोबर जेवायचंय मला,' म्हणाले. काविळीसाठी पित्तनलिकेत स्टेंट घातल्यावर अंगाची खाज थांबली, झोप लागू लागली. जेवताना एन्झाइमच्या कॅप्सूल सुरू केल्या आणि वरणभात पचू लागला. हेही उपचारच. असा त्रास कमी करणारे, म्हणजे पॅलिएटिव्ह केअरचे डॉक्टर पहिल्या महिन्यातच गाठायला हवेत, केमो चालू असो वा नसो.

– एक वाचक, सातारा