परसातला पूल आणि चवदार तळ्याचा प्रश्न

उन्हाळा लागला की मोबाईलवर जाहिराती सुरू होतात. खड्डा नको, बांधकाम नको. लोखंडी फ्रेम जोडा, पाणी भरा, घरचा स्विमिंग पूल तयार. आपल्यातले काही नोकरदार असा पूल घेऊ लागले आहेत आणि काही कार्यकर्ते त्यांची टिंगल करतात. मला ही टिंगल मान्य नाही. ज्यांच्या पणज्या विहिरीपासून लांब, कुणीतरी वरून पाणी वाढेल म्हणून ताटकळत उभ्या राहिल्या, त्यांच्या पोरांनी पाण्यात मनसोक्त डुंबावं. त्यात लाज कसली? पण परसातला हा पूल ज्या अमेरिकेतून आला, तिथे तो घरोघरी का पोचला, हे आपण माहीत करून घेतलं पाहिजे.

तिथे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नगरपालिकांनी मोठमोठे सार्वजनिक पूल बांधले. गोऱ्यांच्या पुलात काळ्यांना मज्जाव होता. 1949 साली सेंट लुईसमधल्या फेअरग्राउंड पार्कचा पूल सर्वांना खुला झाला, तर पहिल्याच दिवशी गोऱ्या जमावाने काळ्या लोकांवर हल्ले केले. 18 जून 1964 रोजी फ्लोरिडातल्या सेंट ऑगस्टीन गावी आंदोलक एका मोटेलच्या पुलात उतरले, तेव्हा व्यवस्थापकाने त्या पाण्यात आम्ल ओतलं. मिसिसिपीतल्या जॅक्सन शहराने तर काळ्यांना आत घ्यायला नको म्हणून सार्वजनिक पूल चालवणंच सोडून दिलं. बंदी काळ्या-गोऱ्या दोघांनाही सारखीच आहे, मग समतेचा भंग कुठे झाला, असा युक्तिवाद झाला आणि 1971 साली सर्वोच्च न्यायालयाने तो पाच विरुद्ध चार मतांनी उचलून धरला!

महाडशी ताडून पाहा. बोले ठराव 1923 चा. महाड नगरपालिकेने तळं खुलं केल्याचा ठराव 1924 चा. प्रत्यक्ष पाणी 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांनी घेतलं. त्यावर सनातन्यांनी 108 घागरी ओतून तळं 'शुद्ध' केलं आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. न्यायालयाचा अंतिम निकाल आला 1937 साली. शुद्धीकरण करायचं, नाहीतर ठराव फिरवायचा किंवा कुलूप लावायचं, हे दोन मार्ग आपल्या ओळखीचे आहेत. तिसरा मार्ग जास्त सभ्य दिसतो : सार्वजनिक पाण्याकडे पाठ फिरवून आपलं पाणी आपल्या कुंपणाच्या आत न्यायचं. अमेरिकेतले गोरे खाजगी क्लबांत आणि आपापल्या परसात गेले. सगळे द्वेषानेच गेले असं नाही. पैसा आला होता, उपनगरं वाढत होती. पण परसातल्या पुलाला परस लागतं, परसाला घर आणि घराला कर्ज. काळ्या वस्त्यांना सरकारी हमीच्या गृहकर्जातून पद्धतशीर वगळलं होतं. त्यामुळे नगरपालिकेचा पूल बंद, क्लबमध्ये प्रवेश नाही आणि परसही नाही. याची किंमत पोरं आजही मोजतात. तिथे 10 ते 14 वयाची काळी मुलं गोऱ्या मुलांच्या सात पटींहून जास्त प्रमाणात पुलात बुडून मरतात.

आता ज्यांना पूल घ्यायचाच आहे, त्यांनी आधी जागा बघावी, किंमत नंतर. 15 फूट व्यासाच्या, 4 फूट उंच पुलात जवळपास 17,000 लिटर म्हणजे 17 टन पाणी मावतं. गच्चीवर तो अजिबात मांडू नका. राहत्या घराच्या गच्चीसाठी चौरस मीटरला साधारण 150 किलो भार धरतात. मीटरभर खोल पाण्याचा भार 1,000 किलो होतो. जमीन ठोकून सपाट करा, खडे वेचा, खाली जाड ताडपत्री टाका. उंच भाग खणून खाली आणा. खोलगट भागात सैल माती भरली तर ती दबते आणि पूल एका बाजूला कलतो. फिल्टर पंपाच्या लाइनला आरसीसीबी हवाच. पाणी सारखं बदलू नका, क्लोरीनची मात्रा तपासत राहा. वापर संपला की शिडी काढून ठेवा आणि लहान मुलांना एक क्षणही एकटं सोडू नका.

आणखी एक हिशेब. ग्रामीण नळयोजनेचं उद्दिष्ट माणशी रोज 55 लिटर आहे. म्हणजे हा एक पूल 300 माणसांचं एका दिवसाचं पाणी झालं. ज्या वस्तीत टँकरची वाट पाहतात, तिथे तो भरण्याआधी विचार करा. पोरांना डुंबायला 10 फुटी, अडीच फूट उंचीचा पूल पुरतो. त्याला साडेचार हजार लिटर लागतात.

पण असल्या पुलात पोरगं डुंबतं, पोहायला शिकत नाही. हात मारायला लांबी लागते, शिकवणारा लागतो. ते सारं नगरपालिकेच्या तलावात मिळतं, आणि भाड्याच्या दोन खोल्यांत राहणाऱ्या आपल्या बहुसंख्य पोरांना तोच एक मार्ग आहे. म्हणून तरुणांनो, या उन्हाळ्यात माहिती अधिकाराचा एक अर्ज टाका. आपल्या शहरातला तलाव किती दिवस बंद होता? तो ठेकेदाराला दिला असेल तर कोणत्या अटींवर? मासिक शुल्क किती, आणि सवलतीच्या दरात किती मुलांना प्रवेश मिळाला? उत्तर आलं की ते घेऊन मुख्याधिकाऱ्यांकडे जा, आणि जाताना वस्तीतली पोरं सोबत न्या.