छापा, काटा आणि छापाछापी

सुरुवातीलाच कबूल करतो, मी कॉन्व्हेंटवाला. मराठीत पानभर लिहायची ही पहिलीच वेळ, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या!

मागच्या सबमिशनच्या आदल्या रात्री आमच्या रूमवर नेहमीचा कार्यक्रम चालू होता. मधे एक जर्नल, भोवती सहाजण, आणि सगळे छापतायत. ग्राफ आधी, रीडिंग मागाहून. मीही त्यात होतोच. पण त्याच आठवड्यात लायब्ररीत ॲन रॉबर्टसन यांच्याबद्दल वाचलं होतं, आणि त्या बाई काही डोक्यातून जाईनात.

१९१० साली जन्मलेल्या रॉबर्टसनबाई ग्लासगो विद्यापीठाच्या हंटेरियन म्युझियममध्ये नाणी सांभाळायच्या. तिथल्या रोमन सम्राटांच्या नाण्यांची सूची त्यांनी पाच खंडांत केली. पहिला खंड १९६२चा, शेवटचा १९८२चा. शिवाय ब्रिटनभर सापडलेल्या रोमन नाण्यांच्या साठ्यांची नोंद चालूच. कुठे सापडला, कधी, कशात ठेवला होता, कुठल्या सम्राटाची किती नाणी...

‘याला स्कोप काय?’ हा प्रश्न मलाही पडला. पण बघा, साठा म्हणजे बहुतेक वेळा कुणीतरी पुरलेला आणि परत न्यायला न आलेला पैसा. त्यातलं सगळ्यात नवं नाणं ज्या साली पाडलं, त्याआधी तो पुरलेला असूच शकत नाही. एकट्या साठ्यावरून फार कळत नाही, पण शेकडो शेजारी मांडले की कुठल्या काळात, कुठल्या भागात पैसा जमिनीतच राहून गेला ते दिसायला लागतं. मात्र नोंदी खऱ्या हव्यात. मनाने ठोकून दिल्या तर पुढचा माणूस फसलाच!

१९९२ साली इंग्लंडमधल्या हॉक्सन गावी एकजण हरवलेला हातोडा शोधायला मेटल डिटेक्टर घेऊन गेला, आणि लागली सुमारे पंधरा हजार रोमन नाणी! पठ्ठ्याने सगळं उपसून नेलं नाही, थांबून कळवलं. म्हणून उरलेल्या वस्तू कशा रचून ठेवल्या होत्या, तेही तज्ज्ञांना टिपता आलं. शेवटी हातोडाही सापडला. तोसुद्धा ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

रॉबर्टसनबाई १९९७ साली गेल्या. साठ्यांची ती मोठी सूची इतरांनी संपादित करून २००० साली छापली. त्यात जवळजवळ २,००० साठे आहेत. बाईंनी ते पुस्तक हातात घेतलंच नाही. तरी लोक त्यावर काम करतात, कारण नोंदीवर विश्वास आहे.

आमच्या जर्नलवर कोण विश्वास ठेवेल? उद्या हेच हात पुलाच्या काँक्रीटचे क्यूब टेस्ट करणार आहेत.

दोष एकट्या पोरांचा नाही. सर-मॅडम, रागावू नका, पण ‘रीडिंग चुकलं, परत लिहून आण’ म्हटलं की आम्ही बरोबर तेच शिकतो. चुकलेल्या रीडिंगचं कारण नीट शोधलं तर त्याला मार्क द्या ना!

या वेळी माझं उत्तर अठरा टक्क्यांनी चुकलंय. तसंच लिहिलंय, कारणासकट. उद्या ओरल आहे.