विश्लेषण : पुनर्विकासाच्या नकाशात हायड्रंट कुठे आहे, हे रहिवाशांनी का विचारायला हवे?

बोरिवलीत माझ्या मामाच्या सोसायटीचा पुनर्विकास होऊ घातला आहे. विकासकाच्या सादरीकरणाला मामासोबत मीही गेलो होतो. अडीच तासांत सभासदांनी कार्पेट एरिया, कॉर्पस, भाडे आणि पार्किंग या चार विषयांवर विकासकाला भंडावून सोडले. नकाशात इमारतीभोवती लाल रंगाची छोटी वर्तुळे होती. ती कशाची, असे मी विचारल्यावर ‘ते फायरचे आहे, नियमाप्रमाणे असते’ एवढे उत्तर मिळाले आणि चर्चा पुन्हा पार्किंगकडे वळली. त्यातली दोन वर्तुळे पार्किंगच्या चौकटींच्या अगदी मागे होती.

ही वर्तुळे म्हणजे हायड्रंट. बोरिवली, अंधेरी, मुलुंड, घाटकोपर या उपनगरांत जुन्या चार-पाच मजली इमारती पाडून तिथे टॉवर उभे राहत आहेत. या टॉवरमध्ये आग लागली, तर पहिला अर्धा तास याच लाल नळांवर काढायचा असतो. त्यामुळे त्यांची जागा हा रहिवाशांनीच विचारायचा प्रश्न आहे, असे माझे मत आहे.

बंब आल्यावर हायड्रंटची गरज काय?

बंबात पाणी असते, पण ते मोठ्या आगीत काही मिनिटांत संपते. शिवाय रस्त्यावरून मारलेला फवारा ठरावीक उंचीपर्यंतच पोहोचतो. १८ जुलै २०१४ रोजी अंधेरी पश्चिमेला लोटस बिझनेस पार्क या २० हून अधिक मजल्यांच्या इमारतीच्या वरच्या मजल्यांना आग लागली. तिच्याशी झुंजताना अग्निशमन दलाच्या एका जवानाला प्राण गमवावे लागले आणि गच्चीवर अडकलेल्या जवानांच्या सुटकेसाठी हेलिकॉप्टर आणावे लागले. इतक्या उंचीवर आग विझवायची, तर पाणी इमारतीच्या आतल्या पाइपमधूनच वर जायला हवे.

हायड्रंटचे प्रकार कोणते?

सर्वसामान्य रहिवाशाला चार गोष्टी माहीत असल्या तरी पुरे.

यार्ड हायड्रंट : इमारतीबाहेर, कंपाउंडमध्ये जमिनीतून वर आलेला लाल खांब. तो इमारतीभोवती फिरणाऱ्या जमिनीखालच्या पाइपला जोडलेला असतो. ही पाइपलाइन शक्यतो बंद वर्तुळासारखी असावी, म्हणजे एका बाजूला फुटली तरी दुसऱ्या बाजूने पाणी मिळते.

वेट रायझर : तळमजल्यापासून वरपर्यंत गेलेला, कायम पाण्याने भरलेला पाइप. प्रत्येक मजल्यावर त्याला ६३ मिलिमीटरचा व्हॉल्व्ह असतो. खाली पंप रूममध्ये विजेचा मोठा पंप, वीज गेली तर डिझेलचा पंप आणि पाइपमधला दाब टिकवणारा छोटा जॉकी पंप असतो.

डाउनकमर : यात पाणी गच्चीवरच्या टाकीतून खाली येते. कमी उंचीच्या इमारतींत ही पद्धत असते. यात सगळ्यात कमी दाब सगळ्यात वरच्या मजल्यांना मिळतो, म्हणून गच्चीवर पंप लागतो. तो बंद असेल तर वरच्या मजल्यांच्या नळातून धार पडेल, फवारा उडणार नाही.

होज रील : मजल्यावर गुंडाळून ठेवलेली, साधारण ३० मीटरची बारीक नळी. बंब येईपर्यंत रहिवासी किंवा वॉचमन वापरू शकेल, असे हे एकमेव साधन. मोठ्या व्हॉल्व्हचा पाइप मात्र प्रशिक्षित माणसानेच हाताळावा. त्याचा धक्का एकट्या माणसाला आवरत नाही.

पाणी किती वेळ पुरते?

राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ नुसार १५ ते ३५ मीटर उंचीच्या निवासी इमारतीला गच्चीवर आगीसाठी २५ हजार लिटरची वेगळी टाकी आणि मिनिटाला ९०० लिटर पाणी देणारा पंप लागतो. पंप पूर्ण क्षमतेने चालला, तर ही टाकी साधारण २८ मिनिटांत रिकामी होते. ३५ ते ४५ मीटरच्या इमारतीला जमिनीखाली ७५ हजार लिटरची टाकी आणि मिनिटाला २,२८० लिटरचा पंप लागतो. भागाकार केला तर ३३ मिनिटे.

दाबाचा हिशेबही सोपा आहे. पाणी दर १० मीटर वर चढवायला साधारण एक किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाब खर्च होतो. सगळ्यात वरच्या व्हॉल्व्हवर साडेतीन किलो दाब उरायला हवा. म्हणजे ४५ मीटरच्या इमारतीत पंपाने किमान आठ किलो दाब द्यायला हवा आणि पाइपमधले घर्षण त्याहून वेगळे. पंप रूममधल्या मीटरचा काटा शून्यावर असेल, तर मजल्यामजल्यावरचे चकचकीत लाल बॉक्स निरुपयोगी आहेत.

जागा कशी ठरवतात?

यार्ड हायड्रंट इमारतीच्या भिंतीपासून साधारण दोन ते १५ मीटर अंतरावर असावा. त्याहून जवळ असेल तर वरून काचा पडतात, धग लागते आणि जवान तिथे उभा राहू शकत नाही. त्याहून लांब असेल तर पाइपची लांबी वाटेतच संपते. दोन हायड्रंटमधले अंतर सर्वसाधारण धोक्याच्या इमारतींसाठी सुमारे ४५ मीटर आणि जास्त धोक्याच्या ठिकाणी ३० मीटर धरले जाते. हे आकडे आगीच्या पाइपशी जुळणारे आहेत. तो १५ मीटरच्या तुकड्यांत येतो आणि तुकडे एकमेकांना जोडावे लागतात.

बंबातून इमारतीच्या पाइपमध्ये पाणी सोडण्याचे तोंडही इतकेच महत्त्वाचे आहे. ते बंब जिथे येऊन थांबेल तिथे, शक्यतो गेटजवळ हवे. पोडियम असलेल्या टॉवरमध्ये आणखी एक प्रश्न विचारायला हवा : बंब पोडियमवर चढणार आहे का? चढणार असेल, तर स्लॅब ४५ टन वजन पेलणारा हवा. चढणार नसेल, तर तिथे पाणी कसे पोहोचणार, हे नकाशावर दिसायला हवे.

खरा पेच आहे पार्किंगचा. ६ ऑक्टोबर २०२३ रोजी पहाटे गोरेगाव पश्चिमेला जय भवानी या एसआरए इमारतीत तळमजल्यावरची वाहने पेटली आणि धूर वर चढला. किमान सात जणांचा जीव गेला. आग पार्किंगमध्येच लागू शकते, हे या घटनेने दाखवले. हायड्रंट जर त्याच गाड्यांच्या मागे असेल, तर तिथवर जाणार कोण? न्यू यॉर्क शहरात रस्त्यावरच्या हायड्रंटपासून १५ फुटांच्या आत गाडी लावता येत नाही. आपल्याकडे सोसायटीच्या आवारात एक पट्टा पिवळा रंगवायचा म्हटले, तरी वार्षिक सभेत वाद होतो.

हा वाद खोटा नाही, हेही मान्य करायला हवे. उपनगरात पार्किंगच्या एका जागेची किंमत काही लाखांत जाते. ती सोडा, असे सांगणे सोपे आणि सोडणे अवघड असते. म्हणून तर हा निर्णय नकाशाच्या टप्प्यावर व्हायला हवा, जिथे कोणाचीच जागा अजून कोणाच्या नावावर झालेली नसते.

रस्त्यावरच्या हायड्रंटचे काय?

लंडनमध्ये हायड्रंट बहुतांशी जमिनीखाली असतात आणि जवळच्या भिंतीवर किंवा खांबावरची पिवळी पाटी त्यांची जागा दाखवते. त्यामागे एक गृहीत आहे : पाइपमध्ये चोवीस तास दाबाचे पाणी. मुंबईत पाणी विभागवार, ठरावीक तास येते. मुलुंड आणि वांद्रे-खार परिसरात चोवीस तास पाणीपुरवठ्याचा प्रायोगिक प्रकल्प महापालिकेने हाती घेतला, पण ही सोय शहरभर पोहोचलेली नाही. म्हणजे रस्त्यावरचा हायड्रंट शाबूत असला, तरी पाण्याची वेळ नसताना तो कोरडा असू शकतो. त्यातच रस्ते उंचावले, पेव्हर ब्लॉक बसले, काँक्रीट पडले आणि अनेक हायड्रंट गाडले गेले.

याची सर्वाधिक झळ टॉवरवाल्यांना बसत नाही. घाटकोपरच्या असल्फासारख्या डोंगरउतारावरच्या वस्तीत ना जमिनीखालची टाकी असते, ना पंप रूम. बंब गल्लीच्या तोंडाशी थांबतो. तिथे दाबाचे पाणी असलेला एक चालू हायड्रंट जितका उपयोगी पडेल, तितका तो कुठल्याही हमरस्त्यावर पडणार नाही. रस्ते खोदून नव्याने बांधले जात असताना अशा गल्ल्यांच्या तोंडाशी हायड्रंटची सोय करणे, हे महापालिकेचे काम आहे. ती मागणी मात्र नगरसेवकाकडे कोणी करताना दिसत नाही.

कायदा काय सांगतो?

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार इमारतीतील अग्निसुरक्षा यंत्रणा चालू ठेवण्याची जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची, म्हणजे सोसायटीची आहे. परवानाधारक संस्थेकडून तपासणी करून ‘फॉर्म बी’ हे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावे लागते. पण हा कागद यंत्रणा चालू असल्याचा असतो. तपासणीच्या दिवशी हायड्रंटसमोरची मोकळी असलेली जागा रात्री अकरा वाजता मोकळी आहे का, हे त्यातून कळत नाही. ते फक्त तिथे राहणाऱ्यालाच दिसते.

रहिवाशांनी नेमके काय करावे?

जुन्या इमारतीत फॉर्म बीच्या तपासणीला कमिटीचे दोन सभासद हजर राहावेत. सगळ्यात वरच्या मजल्याचा व्हॉल्व्ह त्यांच्यासमोर उघडायला लावावा. बॉक्समध्ये पाइप आणि नोझल आहे का, पाहावे. पितळी नोझल चोरीला जातात आणि आग लागेपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही. डिझेल पंप सुरू करून दाखवायला सांगावा. वॉचमनला होज रील उघडता येते का, तेही बघावे.

पुनर्विकासात जाणाऱ्या सोसायटीने करारनाम्यावर सह्या करण्याआधी विकासकाकडून एकच नकाशा मागावा, ज्यात हायड्रंट, बंबाची वाट आणि पार्किंगच्या चौकटी एकत्र दाखवलेल्या असतील. वेगवेगळ्या नकाशांत सगळे नियमाप्रमाणेच दिसते. एकावर एक ठेवल्यावर गाडीमागचा हायड्रंट सापडतो.

मामाने पुढच्या बैठकीत हाच नकाशा मागितला. आर्किटेक्टने तो पाहिला आणि दोन्ही वर्तुळे गेटच्या बाजूला सरकवता येतील, असे सांगितले. त्यासाठी पार्किंगची एक जागा कमी होणार आहे. ती कोणाची, यावर सभासदांची चर्चा अजून सुरू आहे. पण ती आज कागदावर सुरू आहे, हे बरे. उद्या पाइप जमिनीत गेल्यावर तीच दुरुस्ती आवार खणून करावी लागली असती.